सातशे एमबी

संहिता विचारते, पप्पा, हे कायदेशीर कुठे मिळेल?
मी एका मोबाईलच्या पोटातून बॅटरी उपसत असतो.
चिमटा हातात तसाच राहतो.

चौदा वर्षांची आहे. नाव तिच्या आजोबांनी ठेवलं,
ते किल्ला कोर्टाबाहेर टायपिंग करायचे.
तिच्या वर्गातली पोरं अ‍ॅनिमे कुठल्यातरी फुकट साइटवर बघतात:
तलवार म्यानातून निघायला
आणि रमीची जाहिरात उघडायला एकच गाठ,
बंद करायची फुली इतकी बारीक
की बोट दुसरीकडेच पडतं
आणि एक बाई म्हणते, तुम्ही जिंकलात.
"तसलं नको," संहिता म्हणते. "काढणाऱ्यांना काही मिळत नाही त्यात."

काढणाऱ्यांना.
लॅमिंग्टन रोडवर नऊ वर्षं उभा होतो,
हा शब्द एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकला नाही.

निळी ताडपत्री. तीसला एक, शंभरला चार.
मुनाफ कुंभारवाड्यातल्या पोटमाळ्यावर
रात्रभर सहा ड्राइव्ह एकदम चालवायचा,
सकाळी सीडी हातात घ्यावी तर भाकरीसारखी ऊन.
जपानी कार्टून म्हणायचो आम्ही सगळ्यालाच.
पाकिटावर नावं मी लिहायचो, स्केचपेननं, निम्मी चुकीची.
हवालदार घोसाळकर लांबून दिसले
की चारी टोकं धरून गाठोडं,
आणि मी झेरॉक्सच्या रांगेत, सज्जन.

आता पोरगी म्हणते, शोधू या.
म्हणून प्रतीक्षानगरातल्या माझ्या दुकानाचं
शटर अर्धं ओढून बसलो.

एका अ‍ॅपवर पहिला सीझन आहे, दुसरा नाही.
दुसऱ्यावर दुसरा आहे, पण हिंदीत,
आणि हिला मूळ आवाज हवा, खाली अक्षरं हवीत.
तिसरं म्हणालं, हे तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.
मला हसूच आलं.
आमच्या प्रदेशात सगळं उपलब्ध होतं, बाबा,
फक्त जरा खाली वाकून मागावं लागायचं.

एक चॅनल सापडलं, कंपनीचंच, फुकट.
दर गुरुवारी एक भाग, आठवडाभर ठेवतात, मग काढून घेतात,
वाचनालयातल्या नव्या पुस्तकासारखं.
संहितानं वहीत रकाने आखले,
कुठे काय, कितवा भाग, कुठल्या भाषेत.
भूगोलाची वही होती ती, मी बोललो नाही.
उरलेल्यासाठी महिन्याला पैसे.
किती, तर एका टेम्पर्ड ग्लासवर सुटतात तेवढे.
मी क्यूआरसमोर फोन धरला आणि अंगठा थांबला.
पैशांचं काही नव्हतं. सवय नव्हती.
या मालाचे पैसे आजवर मी फक्त घेतलेले.

"पप्पा, पिन."
टाकला.

रात्री तिची आई ड्युटीवर, सायन हॉस्पिटलात.
फोन आमटीच्या पातेल्याला टेकवून आम्ही दोघं.
गोष्ट मला अर्धीच कळली. एक मुलगी दीपगृह सांभाळते
आणि समुद्र कधीचाच निघून गेलाय.
तरी ती रोज दिव्याची काच पुसते.
का पुसते ते खालच्या ओळीत आलं असावं,
तेव्हा मी भात वाढून घेत होतो.

मग संपलं. काळ्यावर पांढरी नावं वर सरकायला लागली.
कोपऱ्यात चौकोन आला: पुढचा भाग, पाच, चार...
संहितानं चौकोन घालवला. नावं राहू दिली.
"एवढी माणसं?" मी म्हटलं.
"ही तर नुसती आभाळ रंगवणारी," ती म्हणाली.

तिला मी सांगितलं नाही.
सीडीत सातशे एमबी मावायचे.
एक भाग जादा कोंबायचा तर कुठेतरी कात्री लागायची,
आणि मुनाफ माळ्यावरून ओरडायचा, क्या उडाऊं?
मी म्हणायचो, शेवटची नावं उडव,
ती कोण वाचतंय.

नावं वर चालली होती.
मला त्यातलं एक अक्षर येत नाही.
वाचत बसलो.