आयज कसलो वार

आमच्या घरी वार भिंतीवर नसतात,
ताटात असतात.

सोमवार सासूबाईंचा. मुगागाठी, कडक.
गुरुवार उल्हासचा, तो दत्ताला जातो
म्हणून आम्ही सगळेच शिवराक.
शनिवार कुणी कुणासाठी धरला होता
आता कुणालाच आठवत नाही,
पण तोही पाळतो. मोडणार कोण?
उरलेले चार नुस्त्याचे.
मी कुडाळची. लग्नानंतर आधी हे पाठ केलं,
नातेवाइकांची नावं मागाहून.

सासऱ्यांनी एकतीस वर्षं फेरीबोट चालवली,
चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण.
म्हणायचे, नदीला वार नसतो गो,
भरती आणि सुकती, बस.
आता सकाळी पायरीवर बसतात नि विचारतात,
"आयज कसलो वार?"
पर्णिका सांगते, तोंडात ब्रश धरूनच सांगते.
चहा निवायच्या आत पुन्हा तेच.
तिने पाटीवर लिहून पाटी दाराला टांगली,
तर पाटीकडे बघून म्हणाले,
"हें कोणें बरयलां?"

त्या सोमवारी दहाच्या सुमाराला
इनासिनच्या स्कूटरचा हॉर्न वाजला, शेजारच्या फाटकाशी.
सोमवारी ती आमच्याकडे थांबत नाही.
सासरे उठले. स्वतःचं ताट स्वतः घेऊन
टेबलापाशी येऊन बसले.
"बांगडे आयले मगो. आयतार न्हय?"

"सोमवार," आम्ही चौघं एकदम म्हणालो.
आणि ते लाजले.
बोट धक्क्याला लावताना चुकावी
नि वरून माणसं बघत असावीत, तसे.
ताट उपडं घातलं. त्यावर हात ठेवून बसून राहिले.

सासूबाई नारळ खवत होत्या.
शेजारी तळणीचा वास आला तरी
सोमवारी खिडकी लावून घेणाऱ्या सासूबाई,
माझ्या डोहाळ्यांनाही ज्यांनी सोमवार सोडला नव्हता,
त्या पदराला हात पुसत फाटकापर्यंत गेल्या.
"इनासिन, राव गो."
गोकुळदासने तोंड उघडलं,
सुविधाने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला.
चार बांगडे घेऊन परतल्या त्या.
"आयतार म्हणटात तर आयतार."

देवघराचं दार तेवढं लोटून घेतलं.
मग बाहेर, विहिरीच्या दगडावर
बांगडे स्वतः साफ केले, मला हात लावू दिला नाही.

दीड वाजता पर्णिका शाळेतून आली
तशी सासूबाईंनी खिडकीतूनच दटावलं,
"मागल्या दारान यो!"
तिथेच युनिफॉर्म उतरवला,
दप्तर तांदळाच्या पिंपामागे,
अंगात घरचा फ्रॉक.
तिला काहीच सांगितलं नाही कुणी.
ती येऊन आजोबांसमोर बसली.

सासूबाई काटे काढून देत होत्या,
स्वतःसाठी एक केळं, सोललेलंसुद्धा नाही.
दुसरा बांगडा संपला तेव्हा त्यांनी मान वर केली.
"आयज कसलो वार?"

पर्णिकाने त्यांच्या ताटात पाहिलं,
मग आमच्या, मुगागाठीच्या.
मग आजीकडे.
"आयतार."
"इस्कोल ना?"
"ना."

समाधानाने त्यांनी भात कालवला.
टेबलाखाली ती पाय हलवत होती,
शाळेचे पांढरे मोजे
अजून तसेच.