बाकी

लैदा ताम्म वही घेऊन ऑफिसात आली,
बुटांना चिकटलेलं शेवाळ पायपुसण्यावर न पुसताच.
सारेमा बेटावर मार्च म्हणजे अजून थंडीच,
खाडीच्या कडेला बर्फाच्या करड्या लाद्या
एकमेकींवर आपटत असतात.
वहीत अकरा वर्षं. अकरा सोडती.
धक्क्यावर जागा बारा, होड्या शंभर,
आणि तिचा क्रमांक कायम एकाहत्तर.

"माझी पाटी कोरी, ते राहू दे," ती म्हणाली,
"पण खालचे आकडे बघ.
पन्नासच्या आतले किती वेळा दोर बांधतात धक्क्याला.
मी आपली तीर खडकांवरून ओढते,
वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी."
तीर हे तिच्या होडीचं नाव.
आमच्या भाषेत कुररीला तीर म्हणतात.

तोइवो हसला. नशीब, म्हणाला.
मला हसू आलं नाही, कारण सोडतीचा प्रोग्रॅम
माझ्या आधीच्या माणसानं लिहिलेला,
आणि सहा वर्षांत तो मी
उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

त्या रात्री पाहिला.
एकच ओळ. एक बाइट घ्यायचा,
शून्य ते दोनशे पंचावन्न, काहीही.
शंभरानं भागायचं. भागाकार फेकायचा.
बाकी उरेल तो विजेता.

दोनशे छप्पन्न म्हणजे शंभर, शंभर, आणि छप्पन्न.
म्हणजे शून्य ते पंचावन्न यांना तीन दारं,
छप्पन्नपासून पुढच्यांना दोनच.
कुणी लबाडी केली नव्हती.
शंभराचं माप दोनशे छप्पन्नात बसत नाही, एवढंच,
आणि उरलेला तुकडा
गुपचूप पुढच्या रांगेच्या ओट्यात पडत राहिला.

आणि तो बाइट तरी कुठून?
घड्याळातून.
तोइवो बटण कुठल्या सेकंदाला दाबतो
हे ज्याला ठाऊक, त्याला निकाल ठाऊक.
कुणी त्याचा फायदा घेतला का?
मी शोधलं नाही. बेट लहान आहे.

घड्याळ काढून टाकलं.
आता बाइट येतो यंत्राच्या पोटातून,
जिथे बोटांच्या ठोक्यांमधली, डिस्कच्या खडखडीमधली
बारीक बारीक अंतरं
इतकी घुसळलेली असतात
की मलाही उलटं चालत मागे जाता येत नाही.
मग आणखी एक ओळ:
दोनशे किंवा त्याच्या वर आलं, तर टाकून दे. पुन्हा माग.

"चांगला आलेला आकडा फेकायचा?" तोइवोला पटेना.
जाळ्यातला लहान मासा तू काय करतोस, मी विचारलं.
"ते वेगळं." मग थोडं थांबून,
"आणि सारखेच दोनशेच्या वर आले तर?"
ओळीनं तीन येतील, चार येतील.
दुपारपर्यंत येत राहणार नाहीत.
"खात्री?"
खात्री नाही. हिशोब आहे.

एप्रिलचा पहिला सोमवार. शाळेच्या हॉलमध्ये
ओल्या लोकरीचा वास, कॉफी,
आणि शेवटच्या बाकावर पेन्सिल घेऊन लैदा.
अठ्ठावीस. दोनशे तेरा, टाकला.
चौऱ्याऐंशी. नऊ.
दोनशे एक्केचाळीस, टाकला. दोनशे, तोही टाकला,
तेव्हा मागून कुणीतरी "अरे!" म्हणालं,
जणू काचेचं काही हातून निसटलं.
एकशे बहात्तर, म्हणजे बहात्तर.
असं करत बारा झाले.
एकाहत्तर नव्हता.

खुर्च्या आवरताना ती टेबलापाशी आली.
"हे नाही तरी नीट मोजलेलं आहे ना?"
हो.
"आणि आधीची अकरा?"
ती सांगता येत नाहीत, मी म्हणालो.
सगळा दोष त्या ओळीचा नव्हे.
बारा जागा आणि शंभर होड्या, हे तर होतंच.

तिनं माझ्याकडे पाहिलं,
बाजारात वजनकाट्याकडे पाहतात तसं.
वहीत बाराव्या ओळीवर शून्य काढलं,
आधीच्यांपेक्षा जरा गोल.
मग पेन्सिल कानामागे खोचत म्हणाली,
"शनिवारी ये. जुने कपडे घाल.
दोर मी धरते, पण मागून ढकलायला
कुणी नसतं."