परतीची तारीख

निबाल्दोने मेणकापडावर नकाशा पसरला,
एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर माझा चष्मा.
कास्त्रोहून पहाटेची बस, पुएर्तो मोंत,
पुढे चार दिवस जहाज, दक्षिणेला.
ते काही आपल्याला परत आणणार नाही, म्हणाला,
जसं हे मला माहीतच नव्हतं.

परतीचं विमान मंगळवारी.
पण वारा सुटला तर? आखातातच अडकलो तर?
विजेच्या बिलाच्या पाठीवर
बुधवार लिहिला. खोडला.
गुरुवार.

चाळीस वर्षं हा माणूस दुकानाचं कुलूप
दोनदा ओढून बघितल्याशिवाय निघाला नाही.

खोडून खोडून कागदाला भोक पडलं.
त्यातून मेणकापडावरचं लिंबू दिसतंय,
अर्धंच.
राहू दे, म्हटलं,
तिथं काही लिहू नकोस.