एकशे तेरा, एकशे चौदा

वाचनालयातून आणलेल्या कादंबरीत
एकशे बारानंतर थेट एकशे पंधरा.
मधलं पान कुणीतरी अलगद काढलंय,
शिवणीला दोऱ्याएवढी कड उरलीय.

एकशे बारावर राजा चौदा वर्षांचा,
म्हणजे अजून राजा नव्हेच. नाकावर घाम,
गोदेच्या काठावर घोडा अडलेला
आणि मागे हसणारी थोराड माणसं.
एकशे पंधरावर तो पैलतीरी.
शेला झुडपावर वाळतोय. कुणी हसत नाही.

सातपूरला सेकंड शिफ्ट. लेथवर जॉब लागला
की हात तिथे आणि डोकं त्या काठावर.
घोडा उतरला कसा?
चाबूक? गूळ? की पोरगंच आधी शिरलं पाण्यात?
जेवणाच्या सुट्टीत बागुलला विचारलं.
तो म्हणाला, ढकलला असंल. तू डबा खा.

रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढलो.
अर्ध्यावर गुडघे बोलायला लागले,
खाली हायवेवर द्राक्षांचे टेम्पो.
तिसऱ्या लेण्यात, भिंतीवर, तो लेख.
अक्षरं मला लागत नाहीत,
नुसते गळ, काठ्या, उलटी भांडी.
चौकीदार कडासनेमामा सवयीनं सांगतात :
"ह्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यालेले.
पोरगा गेल्यावर म्हाताऱ्या आईनं कोरून घेतलंय हे."

"लहानपणाचं काही?"
त्यांनी बॅटरी फिरवली ओळींवरून,
जणू आजच पहिल्यांदा शोधत होते.
"दगडावर कोण लिहितं ते?"

पण तिला ठाऊक असणार.
भिजून आला असेल घरी, दात वाजत,
काही विचारू नकोस अशा चेहऱ्यानं.
तिनं नसेल विचारलं. केस पुसले असतील खसाखसा.
आणि पुढे कितीतरी वर्षांनी
छिन्नी थांबवून पाथरवट म्हणाला असेल, अजून काही?
तेव्हा समुद्र तिन्ही मोजून दिले तिनं,
नदी ठेवून घेतली.

सोमवारी पुस्तक परत केलं.
काउंटरवरच्या शौचे बाईंनी पानं चाळली,
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
आणलं तेव्हाच नव्हतं, हे तोंडाशी आलं होतं.
वीस रुपये दंड भरला.
पावती पाकिटात आहे :
पान गहाळ, एक.