डेड स्टॉक

एरंडोलच्या शाळेत जुनं सामान मोजताना
कपाटाच्या तळाशी, मोडक्या तराजूमागं
हाताला लागली पितळी नळी.
वीतभर लांब, खाली शिसवी मूठ.
मेज नको, आरसा नको,
उजेडाकडं रोखली की झालं.

रजिस्टरात लिहिलं:
सूक्ष्मदर्शक, हाती धरायचा, नग एक.
पुढचा रकाना अवस्था.
तिथं पेन अडलं.

भावसार सर म्हणाले होते,
'कापूस तुम्ही सगळ्यांनी वेचलाय.
पाहिलाय कुणी?'
आणि जिनातून आणलेला एकच तंतू
काचेवर ठेवून, काच चापात बसवून,
स्क्रू घट्ट करून
नळी दिली पहिल्या बाकावर.
'पिळलेली फीत दिसेल. बघा, आणि पुढं द्या.'

नळी निघाली.
डोळा मिटायचा कुठला, उघडायचा कुठला,
यातच निम्मे गोंधळले,
तरी प्रत्येक जण म्हणाला, 'दिसली सर, फीत.'
तिसऱ्या बाकावर मी होतो.
मी तर म्हणालो, 'फितीला चंदेरी काठ पण आहे.'

शेवटच्या बाकावर सुपडी कोळी.
तिनं खिडकीकडं धरली,
बराच वेळ धरली.
मागून कुणी खाकरलं.
'माले काहीच नही दिसस सर,
मनीच पापनी दिसस.'

वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी.

सरांनी नळी घेतली, डोळ्याला लावली,
मग वाकून बाकांखाली शोधू लागले.
काच दुसऱ्या बाकापाशी पडलेली,
कुणाच्या तरी टाचेखाली चुरा झालेली.
तंतू तर काय,
वैशाखाच्या वाऱ्यात कापूस कुणाला सापडलाय?

ते ओरडले असते तर बरं होतं.
म्हणाले, 'सुपडे, जे दिसलं ते काढ.'
तिनं काढले सात केस,
त्यातला एक मोडलेला.
खाली तिचं नाव घालून, तारीख घालून
सरांनी कागद फळ्याशेजारी खिळला.
वर्षभर आम्हाला त्याच्याकडं बघत
पाढे म्हणावे लागले.

आज खिडकीशी उभा राहून
मी नळी डोळ्याला लावली.
चापात काच नाही.
गढूळ उजेडाचं एक वाटोळं,
आणि कडेला माझी पापणी,
तिच्यात दोन केस पांढरे.

शिपाई निंबा दारात उभा होता,
त्याला म्हटलं, 'घे, बघ.'
त्यानं उलट्या टोकाकडून लावली
आणि लगेच परत देत म्हणाला,
'दिसनं, साहेब.'