उत्तरेचं ऊन

चित्रात मी ऊन टाकलं तेव्हा नोव्हेंबर होता.
ट्रॉनहाइममध्ये दुपारी साडेतीनलाच दिवे लागलेले,
काचेवर ओला बर्फ चिकटून हळूहळू सरकत होता
आणि माझ्या पडद्यावर फ्लॅट तीनशे चार,
भिंती अजून नुसत्या रेषा.
बंदरावर त्या जागी तेव्हा होता एक खड्डा,
खड्ड्यात पाणी,
पाण्यात पिवळा पंप.

ओकच्या फळ्यांची जमीन पसरली.
फळीफळीचा रंग जरासा वेगळा ठेवला,
नाहीतर खोटं वाटतं.
सोफ्यावर शाल टाकली, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.
टेबलावर काचेचा वाडगा, त्यात सहा पेअर.
हेच सहा पेअर मी आजवर चाळीस घरांत ठेवलेत,
एकदाही नासले नाहीत.

बिल्डर म्हणाले, सुंदर आहे, पण गारठल्यासारखं वाटतं.
तेव्हा सोंगटी उचलावी तसा
मी सूर्य उचलला
आणि खिडकीबाहेर ठेवला.
सोफ्यापासून दारापर्यंत ऊन लोळलं.
खिडकीचं तोंड कुठे आहे ते मला ठाऊक होतं;
नकाशावर उत्तरेचा बाण होता, काळा, ठळक.
मी तो थर बंद केला.

दोन वर्षांनी, एप्रिलात, एक म्हातारा ऑफिसात आला.
ओड्वार नाव. जन्मभर फेरीबोटींच्या इंजिनांपाशी काम केलेलं,
त्यामुळे कान गेलेले आणि आवाज मोठा.
माहितीपत्रकाचं चौथं पान माझ्यापुढे धरून
उन्हावर बोट ठेवलं :
"हे किती वाजता येतं?"

सगळ्यांनी माना वर केल्या.
येरमुन, आमचा साहेब, कॉफीच्या कपात काहीतरी शोधू लागला.
मी पानाच्या तळाची बारीक ओळ दाखवली,
चित्र केवळ कल्पनादर्शक.
"वाचलंय ते," तो म्हणाला.
"मी वेळ विचारतोय."

त्या रात्री जुनी फाइल उघडली.
बंद केलेला थर चालू केला.
अक्षांश खरे टाकले, तारखा खऱ्या,
आणि सूर्याला म्हटलं, आता तुझा तू चाल.
जानेवारी, काही नाही.
मार्च, काही नाही.
मे संपत आला तरी जमीन राखाडी.
पश्चिमेला धान्याचं जुनं कोठार, त्याच्या शेजारी नवा टॉवर
(तोही माझाच; चित्रात धुक्यात विरघळवलेला,
कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून).
त्या दोघांमध्ये हातभर फट.
सतरा जूनला रात्री दहा वाजून बारा मिनिटांनी
फटीतून काहीतरी आत आलं.

वेळ एका कार्डावर लिहिली, पोस्टात टाकली.
सही केली नाही.

तरी फोन आला. गेले.
शाल नव्हती. सोफा तपकिरी, एका बाजूने दबलेला.
रेडिओवर मासेमारीचं हवामान.
खिडकीजवळ दोन खुर्च्या मांडलेल्या, दोन्ही आतल्या बाजूला तोंड करून,
जणू बाहेरचा फ्योर्ड बघायची त्याला गरजच नव्हती.
आम्ही जमिनीकडे बघत बसलो.

आलं ते पिवळं नव्हतं.
तांबूस, आडवं, दाराच्या चौकटीपर्यंत थेट.
भिंतीवर लेपणाऱ्याच्या हाताच्या लाटा उठल्या,
कुठे घाई केली, कुठे थांबून तंबाखू भरली असेल, सगळं दिसलं.
धूळ दिसली. खुर्चीच्या पायांचे ओरखडे.
त्याच्या पायमोज्याला अंगठ्यापाशी भोक.
यातलं काहीच
मी कधी काढलेलं नाही.

मग कोठाराची कड आली आणि पट्टा
आधी माझ्या पायांवरून, नंतर त्याच्या पायांवरून निघाला.
ओड्वारने घड्याळ बघितलं.
"अकरा मिनिटं," तो मोठ्याने म्हणाला,
"आणि तू अख्खी दुपार विकलीस मला."
उठला, आत गेला,
दोन पेअर घेऊन आला.
एकाला डाग होता. तो त्याने स्वतःकडे ठेवला.