अठ्ठेचाळीस तुकडे

चोवीस वर्षं मी मीटर वाचले, फुजी नदीच्या अलीकडे.
पलीकडे वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, इकडे पन्नास;
माझा ताल तिसराच: दिवसाला तीनशे दारं,
कमरेला टॉर्च, खिशात कुत्र्यांसाठी सुके मासे.

काचेआड चकती फिरायची.
तिच्या कडेची काळी खूण पुन्हा समोर येईपर्यंत
मी मनात मोजत उभी.
त्यावरून कळायचं, इनागाकींकडे बाळ झालंय,
कोपऱ्यावरच्या घरात नवरा परतलाय.
आणि एकदा ऑगस्टात, भर उकाड्यात,
चकती मुंगीच्या पावलांनी.
मी दार ठोठावलं. उघडलं नाही.
वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

तेव्हा कंपनी एकच.
भूकंपाला कुणी कारण विचारत नाही,
तसं बिलालाही विचारायचं नाही.
झालेला खर्च दरात, वर ठरलेला नफा,
आणि नव्या वर्षाला घरटी एक कॅलेंडर.
त्या कॅलेंडरचं मलाही अप्रूप होतं, खोटं कशाला बोलू.

मग एका एप्रिलमध्ये बाजार उघडला.
वीज विकायला गॅसवाला आला, फोनवाला आला,
एकाने तर विजेबरोबर तांदळाची पिशवी दिली.
तार तीच, खांब तोच, खांबावरचा कावळाही तोच.
फक्त माझ्या जागी एक पेटी आली,
आपली आपणच वाचणारी,
दिवसाचे अठ्ठेचाळीस तुकडे करून,
अर्ध्या अर्ध्या तासाचा एकेक,
प्रत्येकाची किंमत वेगळी.

मोरिवाकी आजोबांनी मलाच विचारलं.
टोफूचं दुकान मिटून दहा वर्षं, बायको जाऊन तीन.
‘हिसाए, यात फसवणूक कुठे आहे?’
मी चष्मा लावून सगळं वाचलं. फसवणूक नव्हती.
बाजारात जो भाव तोच तुम्हाला,
मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.
त्यांनी शिक्का मारला तेव्हा कागद मी धरला होता.

जानेवारीत थंडी पडली, गॅसची जहाजं कमी पडली,
आणि संध्याकाळी पाचच्या तुकड्याचा भाव पाहून
मला वाटलं, दशांश चिन्ह चुकलंय.
आजोबा कोतात्सूची पिन काढून,
तीन स्वेटर घालून बसलेले, हातात फोन.
‘उद्याचा अजून वर,’ म्हणाले,
ताप सांगावा तसं.
कंपनी मार्चमध्ये बुडाली.
माफीचं पत्र मात्र छान कागदावर होतं.

मी म्हटलं, जुन्या कंपनीकडे परत जाऊ.
ते काही बोलले नाहीत.

पुढे वसंतातल्या एका रविवारी फोन.
कंपनी नवी, पद्धत तीच; ऐकेचना म्हातारा.
‘लवकर ये. ऊन इतकं आहे की वीज कुणाला नकोय.
साडेअकराच्या तुकड्याला भाव जवळजवळ शून्य,
तारेचं भाडं तेवढं.’
गल्लीतच आवाज आला:
दहा वर्षं झाकलेलं, मोटारीवरचं दगडी जातं,
भिजलेल्या सोयाबीनचा वास, वाफ,
आणि कोपरापर्यंत ओले त्यांचे हात.

दोन वाजेपर्यंत अकरा ठोकळे झाले.
बारावा राहिला; तुकडा संपला, भाव चढला,
त्यांनी खटका खाली ओढला.

निघताना सवयीने भिंतीकडे पाहिलं.
चकती नाही. आकडे आपले कुठेतरी निघालेले,
मला न विचारता.
रस्त्यावरून ओरडून म्हटलं,
‘उद्याचे भाव किती वाजता लागतात?’
‘दहाला,’ आतून आलं,
‘आणि रिकाम्या डब्याशिवाय येऊ नकोस.’